मेथिल मूलकाची वाढती अंतरे

प्रश्न : मेथिल मूलकाच्या (CH₃, म्हणजे एक कार्बन, तीन हायड्रोजन आणि एक सुटा इलेक्ट्रॉन असलेल्या कणाच्या) छत्रीसारख्या उघडझाप करणाऱ्या कंपनात पहिली पायरी, म्हणजे लगतच्या दोन ऊर्जापातळ्यांमधील अंतर, 606, तर दुसरी 682 प्रति सेंटिमीटरची (वर्णपटातील ऊर्जेचे एकक) आढळते. वर जाताना अंतर घटायला हवे ना?

उत्तर : बंध ताणणाऱ्या कंपनात ते घटते, कारण बंध सैल होत जातो. येथे मात्र कार्बन तीन हायड्रोजनांच्या प्रतलातून आरपार हलतो आणि त्याच्या ऊर्जाविहिरीच्या (हालचालीनुसार ऊर्जा कशी बदलते हे दाखवणाऱ्या वक्राच्या) भिंती बाहेरच्या बाजूला अधिकच उभ्या होत जातात. म्हणून तिसरी पायरी 731 पर्यंत पोहोचते. अमोनियाप्रमाणे या विहिरीच्या मध्ये उंचवटा असता, तर पातळ्या जोडीजोडीने आल्या असत्या. तशा त्या येत नाहीत, यावरूनच हा मूलक सपाट ठरतो, आणि माझ्या मते या वर्णपटातील सर्वांत मौल्यवान निष्कर्ष हाच आहे. 3004 जवळचे सममित ताणकंपन (तिन्ही बंध एकाच वेळी ताणले-आखडले जाणारे) मात्र रामन वर्णपटात, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशाच्या वर्णपटात, शोधावे. त्यात द्विध्रुव आघूर्ण (धन व ऋण भार किती विलग आहेत याचे माप) बदलत नसल्याने ते अवरक्तात उमटत नाही.