बिलावर नाव कुणाचं?

प्रश्न: घरची ४ एकर शेती, ऊस आणि थोडी हळद. दोन पंढरपुरी म्हशी मीच बघते, पहाटे साडेचारला उठते. मोठी म्हैस दुसऱ्या कुणाच्या हाताला पान्हा सोडत नाही, म्हणून २ वर्षं माहेरी मुक्काम झालेला नाही. तरी हे काम मला मनापासून आवडतं. घरचे चांगले आहेत. दुधाचं बिल सासऱ्यांच्या खात्यावर जातं. आता मिस्टर अजून दोन म्हशी आणायच्या म्हणतात. झेपेल का मला?
– एक सून, पलूस तालुका

उत्तर: झेपण्याचं नंतर बघू. पान्ह्याबद्दल, पहाटेबद्दल तू भरभरून लिहिलंस आणि दुधाच्या बिलाला एक ओळ दिलीस, तीही जाता जाता. मी त्या ओळीपाशीच अडकले.

दुधाचा दर फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून दुधातल्या बाकीच्या घन भागावर) ठरतो. फॅट टिकवायला सरकी पेंड किती, कडबा किती, उसाचं वाडं किती, हे घरात तुझ्याइतकं कुणाला कळतं? म्हैस आटली, कास सुजली, तर गोठ्यात रात्रभर कंदील धरून तूच बसणार. आणि दर दहा दिवसांनी पावतीवर नाव सासऱ्यांचं! ते चांगले आहेत, मान्य. पण पेंडीच्या पोत्याला पैसे तुला त्यांच्याकडे मागावे लागतात ना? ते तू लिहिलं नाहीस, आणि मला तेच टोचतंय गं.

गावच्या दूध संस्थेत सभासद झालीस की दिवाळीचा दूधफरक, म्हणजे घातलेल्या दुधावर मिळणारी जादा रक्कम, तुझा आणि सभेत हात वर करायचा हक्कही तुझा. उद्या म्हशीसाठी कर्ज काढायला बँकेत गेलीस, तर पुढ्यात ठेवायला तुझ्या नावाची बिलं हवीत.

तेव्हा आज रात्री जेवताना सांग. विचारू नकोस, सांग: "मामा, पुढच्या बिलापासून दूध माझ्या नावानं घालते." सकाळी किटलीबरोबर आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक घेऊन जा, सचिवांकडून तुझा नंबर काढून घे. तुझ्या नावाचं पहिलं बिल हातात येईपर्यंत नवी म्हैस दावणीला येता कामा नये.

आणि मिस्टरांना रोज संध्याकाळी तुझी जुनी साडी खांद्यावर टाकून धारेला बसव, तू शेजारी उभी राहा. माझ्या आईनं वडिलांना असंच शिकवलं होतं. पंधरा दिवस लागले, पण म्हशीनं पान्हा सोडला, आणि आई त्या दिवाळीला चार दिवस माहेरी राहून आली.