नेमलेली खुर्ची

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. सरकारच्या कामगारविषयक समितीवर कामगारांतर्फे तुझं नाव चाललंय आणि त्यावरून युनियनच्या ऑफिसात दोन तट पडलेत. ‘निवडून जायचं तर जा, पण सरकारनं नेमलेल्या खुर्चीवर बसलास की संपलास,’ असं तुझेच सोबती म्हणतायत. पुढेमागे लोकसभा लढवायचं तुझ्या मनात आहे, तेही तू लपवलं नाहीस. बरं केलंस.

लोअर परळला उतरून तू ज्या रस्त्यानं जातोस, त्या ना. म. जोशी मार्गाला जुनी माणसं अजून डिलाईल रोडच म्हणतात. पाटीवरचे नारायण मल्हार जोशी कोण, हे तिथल्या बीडीडी चाळीतल्या किती पोरांना सांगता येईल, देव जाणे. तुझ्या प्रश्नासाठी मला तेच आठवले, कारण त्यांची खुर्चीही नेमलेलीच होती, आणि तीही इंग्रज सरकारनं. 1921 पासून 1947 पर्यंत ते दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांच्या वतीनं बसले. आजची संसद त्याच सभागृहाची वारस.

माणूस गोरेगावचा; कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातलं गोरेगाव, मुंबईच्या उपनगरातलं नव्हे. जन्म 1879 चा. काही वर्षं मास्तरकी केली, 1909 मध्ये गोखल्यांच्या भारत सेवक समाजात गेले, 1911 मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. आयटक, म्हणजे ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस ही देशभरातल्या युनियनांची संघटना, स्थापन झाली 1920 ला. म्हणजे मधली नऊ वर्षं झेंडा नाही, मोर्चा नाही. रात्रशाळा, वाचनालयं आणि चाळीतल्या माणसांची माहिती गोळा करणं. तुमच्या पिढीला हा भाग कंटाळवाणा वाटतो. मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आता खुर्चीचं काय केलं ते बघ. त्या सुमारास मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांच्या मालकांनी मद्रास लेबर युनियनचे बी. पी. वाडिया यांच्यावर दावा लावला: कामगारांना फितवून करार मोडायला लावला म्हणून. हायकोर्टानं मनाई हुकूम दिला. म्हणजे युनियन चालवणं हाच गुन्हा ठरायची वेळ आली. जोशींनी मार्च 1921 मध्ये सभागृहात ठराव आणला, की युनियनची नोंदणी आणि तिला संरक्षण यासाठी कायदा करा. ठराव पास झाला. कायदा आला 1926 ला आणि अंमलात आला 1 जून 1927 पासून. सहा वर्षं!

त्या कायद्याची कलमं एकदा शांतपणे वाच. सात माणसांनी सह्या करून अर्ज दिला की नोंदणी मागता येत होती. कलम 17 नं संपाच्या ठरावाला फौजदारी कटाच्या आरोपातून वाचवलं, कलम 18 नं मालकाच्या दिवाणी दाव्यातून. आता तो कायदा 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत सामावलाय, सातचा आकडाही पूर्वीसारखा पुरत नाही. तरी तू गेटवर बिनधास्त माइक धरतोस, त्याच्या मुळाशी ती दोन कलमं आहेत.

कामाच्या तासांचंही तसंच. 1919 ला वॉशिंग्टनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेला जोशी हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. तिथं बाकीच्यांसाठी आठवड्याला 48 तास ठरले आणि आपल्यासाठी 60. 1922 च्या फॅक्टरी कायद्यात 60 आले, 1934 च्या कायद्यात बारमाही कारखान्यांना 54, आणि 1946 च्या दुरुस्तीनं 48. या सगळ्या काळात जोशी त्याच सभागृहात होते. श्रेय एकट्याचं नाही. बाहेर संप झाले नसते तर आत कुणी हललं नसतं. पण आत पाठपुरावा करायला तोच माणूस पंचवीस वर्षं लागतो, हेही खरं.

हरलेही. 1924 मध्ये बाळंतपणाच्या रजेचं विधेयक मांडलं: कारखाने, खाणी, आसामचे चहामळे इथल्या बायांसाठी. फेटाळलं गेलं. मग मुंबई प्रांतात तोच विषय आला, 1928 मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात त्याची बाजू घेतली आणि 1929 मध्ये कायदा झाला. देशभरासाठी आला तो 1961 मध्ये. तोवर जोशी जाऊन सहा वर्षं झाली होती.

आता तुझ्या सोबत्यांच्या मुद्द्यावर येतो. 1929 मध्ये सरकारनं कामगारांच्या प्रश्नावर शाही आयोग नेमला, त्यावर जोशी बसले. नागपूरच्या अधिवेशनात, जवाहरलाल नेहरू अध्यक्ष असताना, आयटकनं त्या आयोगावर बहिष्काराचा ठराव केला. जोशी आणि त्यांच्या मताची मंडळी बाहेर पडली, वेगळं फेडरेशन काढलं. आदल्याच वर्षी गिरणगावच्या सहा महिन्यांच्या संपात त्यांची युनियन आणि कम्युनिस्ट पुढारी डांग्यांची गिरणी कामगार युनियन एका संयुक्त समितीत बसली होती!

आयोगावर बसणं बरोबर होतं असं माझं मत आहे. वेळेवर पगार मिळण्याचा 1936 चा कायदा त्याच आयोगाच्या अहवालातून निघाला. हजाराच्या आत कामगार असलेल्या कारखान्यात सात तारखेपर्यंत पगार, हा नियम तेव्हा आला. पण संघटना सोडून जाणं चुकलं. पुढं मंदीत मजुरीला कात्री लागली आणि 1934 चा संपही हातचा गेला, तेव्हा फुटीची किंमत साचेखात्यातल्या, म्हणजे मागावरच्या माणसानं मोजली, कोणत्याही पुढाऱ्यानं नाही. जोशींनाही हे कळलं असावं. 1940 पर्यंत दोन्ही तुकडे पुन्हा जुळले आणि आयटकचे सरचिटणीस तेच झाले.

तेव्हा तू समितीवर जा. मात्र जाण्याआधी जनरल बॉडी बोलाव, विरोधकांना पोटभर बोलू दे आणि मिनिट्स नीट लिही. ठराव तुझ्या विरुद्ध गेला तर जाऊ नकोस. बाजूनं गेला तर दर बैठकीनंतर गेटवर काय झालं ते सांग, हरलास तेही. कंत्राटदाराच्या हजेरीपटाच्या आणि पगारचिठ्ठ्यांच्या झेरॉक्स सोबत ने. समितीत भाषणापेक्षा कागदाला जास्त किंमत असते.

निवडणुकीचं नंतर बघू. एक गोष्ट आजच सांगून ठेवतो: युनियनच्या सर्वसाधारण निधीतला एक रुपयाही त्यात जाता कामा नये. 1926 च्या कायद्यानं राजकीय कामासाठी वेगळा निधी ठेवायला लावला होता, आणि तोही ज्याच्या त्याच्या खुशीचा; त्या निधीला वर्गणी दिली नाही म्हणून कुणाला युनियनबाहेर काढता येत नव्हतं. खजिनदाराला हिशेबाच्या वह्या आत्ताच वेगळ्या करायला सांग. आणि बैठकीची विषयपत्रिका आली की मला पाठव, दोघं मिळून वाचू.

तुझा,
एक जुना युनियनवाला