वाचकांचे प्रश्न : कोणत्या पेपरवर विश्वास ठेवायचा?

प्रश्न : ताई, मी एसटीतून रिटायर झालोय, घरी दोन पेपर येतात. परवा एकाच मोर्चाची बातमी, एकात "विराट मोर्चा" आणि दुसऱ्यात "मोर्चामुळे वाहतूक कोंडी, नागरिकांचे हाल". आता खरं काय समजायचं? सरळ एक निःपक्ष पेपर सांगा, तोच लावतो.
– एक वाचक, बार्शी

उत्तर : काका, नाव घेऊन सांगावा असा एकही पेपर मला माहीत नाही. विराट की कोंडी हा पक्षपात निदान डोळ्याला दिसतो, दोन पेपर शेजारी ठेवले की तुम्हालाच कळला. मला जास्त त्रास होतो तो आलीच नाही त्या बातमीचा. खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यात भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांना, आई, मुलगी आणि दोन मुलं, गावातल्याच लोकांनी मारून टाकलं, आणि मोठ्या पेपरांना आणि चॅनलना ती मोठी बातमी वाटायला महिना उलटून गेला, सुरुवातीला जे थोडंफार छापून आलं त्यातही त्या आईच्या चारित्र्यावरच बोट होतं. नोव्हेंबरमध्ये विदर्भात लोक रस्त्यावर उतरले तेव्हा कुठे कॅमेरे पोचले. इतके दिवस कोणाला फार खोटं छापायची गरजसुद्धा पडली नाही, गप्प बसलं तरी भागलं.

त्याच वर्षी मुंबईत फॅशन वीक झाला, मॉडेल्सच्या अंगावर सुती कपडे. शेतकऱ्यांवर लिहिणारे पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हा दाखवून दिलं की तो कव्हर करायला ५१२ पत्रकार होते, आणि तोच कापूस पिकवणारे शेतकरी जिथे जीव देत होते त्या विदर्भात जाऊन राहिलेले राष्ट्रीय पत्रकार बोटांवर मोजण्याइतके. हा आकडा मी गेली कित्येक वर्षं जिथे बोलायला जाते तिथे सांगते आणि दरवेळी सांगताना राग येतोच.

आणि हे आजचं नाहीये. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला मूकनायक काढला तो याचसाठी, पहिल्याच अंकात त्यांनी लिहिलं की इथली बरीचशी वर्तमानपत्रं विशिष्ट जातींचं हित बघतात, बाकीच्यांची त्यांना पर्वा नसते. अंकावर तुकोबांचा अभंग होता, "नव्हे जगीं कोणी मुकियांचा जाण". शंभर वर्षं होऊन गेली, तरी एखाद्या वस्तीतलं दुःख बातमी व्हायला आधी तिथल्या लोकांना रस्ता अडवायला लागतो, आणि मग पेपर लिहितो वाहतूक कोंडी!

तर काका, दोन्ही पेपर चालू ठेवा. फक्त बातमी वाचताना एक बघा, तिच्यात बोललंय कोण. अतिक्रमण हटवल्याची बातमी असेल तर आयुक्त बोलले, पोलीस बोलले, नगरसेवक बोलले, ज्याचं घर पाडलं तो बोललाय का? महिनाभर एवढंच बघा, पेपर कोणाचा आहे ते तुम्हीच मला लिहून कळवाल.

प्रश्न : मागच्या निवडणुकीत आमच्याकडच्या एका पेपरात एकाच पानावर दोन विरोधी उमेदवारांच्या बातम्या होत्या आणि दोघांचाही विजय निश्चित! हे पैसे घेऊन छापतात का? आणि ओळखायचं कसं?
– एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : तुमच्या पेपरचं मला माहीत नाही, पण असं होतं आणि ते सिद्धही झालंय. आपल्याच राज्यात २००९ च्या विधानसभेला एका बड्या नेत्याचं कौतुक करणारा मजकूर वेगवेगळ्या पेपरांत शब्द न शब्द तोच आला होता, वार्ताहरांची नावं मात्र वेगवेगळी. त्यावरून देशभर गदारोळ झाला, प्रेस कौन्सिलने दोघांची समिती नेमली, त्यांनी ७१ पानी अहवाल दिला, पेपरांची नावं घेऊन. तो अहवाल कौन्सिलनेच आधी पूर्ण छापला नाही, थोडक्यात आटोपला, शेवटी माहिती आयोगाने सांगितल्यावर २०११ मध्ये सगळा बाहेर आला. पेपरांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेनेच पेपरांची नावं झाकावीत याचं मला आजही फार वाईट वाटतं. त्याच २०११ मध्ये उत्तर प्रदेशातल्या आमदार उमलेश यादव यांना निवडणूक आयोगाने अपात्र ठरवलं, कारण पेपरात छापून आणलेल्या अशा बातम्यांचा खर्च त्यांनी दाखवला नव्हता.

ओळखायचं कसं, तर अशा बातमीत विरोधकाचं एक वाक्यसुद्धा नसतं, प्रश्न विचारलेला नसतो, फोटो उमेदवाराने स्वतः काढून दिलेला असतो, आणि बहुतेक वेळा अक्षरांचा टाइप बाकी पानापेक्षा थोडा वेगळा असतो. कधी कोपऱ्यात बारीक अक्षरात "जाहिरात" असतं, तेही बघा. अजून एक, तालुक्याच्या वार्ताहरावर लगेच चिडू नका, त्याला अनेक ठिकाणी पगार म्हणावा असा मिळतच नाही, वाढदिवसाच्या आणि दिवाळी अंकाच्या जाहिराती आणल्या तर त्यातलं कमिशन. आता ज्याच्याकडून जाहिरात आणायची त्याच्याच विरोधात त्याने बातमी कशी द्यायची सांगा. निवडणुकीच्या काळात प्रत्येक जिल्ह्यात माध्यमांवर नजर ठेवणारी समिती असते, कलेक्टर ऑफिसमध्ये, तिच्याकडे कात्रण लावून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

प्रश्न : आमच्या फॅमिली ग्रुपवर माझे मोठे दीर रोज एका समाजाविरुद्ध काहीतरी फॉरवर्ड करतात. मी ग्रुपवरच "हे खोटं आहे" लिहिलं तर सासूबाई म्हणाल्या मोठ्यांचा अपमान केला. आता गप्प बसू का?
– एक गृहिणी, पुणे

उत्तर : गप्प बसू नका ताई. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, बहुतेक मंगळवेढ्याकडची, गावोगाव भिक्षा मागून पोट भरणारी. मुलं पळवणारी टोळी आलीय एवढ्या अफवेवर. त्या दिवसांत देशभर जो व्हिडिओ फिरत होता, मोटरसायकलवाले मूल उचलून नेतायत असा, तो मुळात कराचीतल्या मुलांच्या सुरक्षेसाठी केलेल्या जाहिरातीतला तुकडा होता, शेवटी ते मूल परत आणून सोडतात तो भाग कापलेला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल असं केलं, पण ती पाच माणसं गेलीच ना. तो व्हिडिओ पुढे पाठवणारे सगळे काय गुंड होते का, आपल्यासारखीच घरातली माणसं, काळजीपोटी पाठवणारी.

फक्त ग्रुपवर नको. सगळ्यांसमोर कोणी माघार घेत नाही, त्यात धाकट्या भावजयीकडून तर नाहीच. दिरांना वेगळा मेसेज करा किंवा चहाच्या वेळी बोला, "भाऊजी, हा फोटो इथला नाही, जुना आहे, हे बघा" एवढंच, त्यांच्या पक्षावर जाऊ नका, त्यांच्या देवाधर्मावर जाऊ नका. आणि जे खरोखरच भडकवणारं असेल, अमक्या वस्तीत जा, तमक्याला धडा शिकवा असलं, तिथे मात्र मोठे-छोटे बघू नका, ग्रुपवरच स्पष्ट लिहा. सासूबाई रागावतील, रागावू देत.

प्रश्न : कोरोनाच्या वेळी चॅनलवाले रात्रंदिवस आमच्या समाजाला रोग पसरवणारे म्हणत होते. भाजीवाल्यांची नावं विचारून भाजी घेणं बंद केलं लोकांनी. नंतर कोणी माफीसुद्धा मागितली नाही. तक्रार कुठे करायची असते?
– एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : दादा, तुमच्या जिल्ह्यातलीच केस होती. तबलिगी जमात या मुस्लिम धार्मिक संघटनेच्या दिल्लीतल्या कार्यक्रमाला आलेल्या परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० ला रद्द केले आणि निकालात स्पष्ट म्हटलं की या लोकांविरुद्ध छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांत मोठा प्रचार झाला, त्यांना बळीचा बकरा केलं गेलं. एप्रिलमध्ये ज्यांनी तासनतास चर्चा घेतल्या त्यांनी ऑगस्टमध्ये या निकालाला किती मिनिटं दिली? तुमची तक्रार रास्त आहे आणि उशीर झाला म्हणून ती लहान होत नाही.

प्रेस कौन्सिल फक्त पेपरांची तक्रार घेतं, चॅनलची नाही. चॅनलसाठी २०२१ च्या नियमांनुसार आधी त्याच चॅनलकडे लेखी तक्रार, त्यांनी १५ दिवसांत उत्तर द्यायचं, नाही दिलं किंवा पटलं नाही तर ते चॅनल ज्या स्वनियमन संस्थेचं, म्हणजे चॅनलवाल्यांनीच स्वतःवर लक्ष ठेवायला काढलेल्या संस्थेचं, सदस्य आहे तिच्याकडे, आणि तिथेही झालं नाही तर केंद्र सरकारकडे. कार्यक्रमाचं नाव, तारीख, वेळ आणि अँकर नेमकं काय बोलला ते त्याच दिवशी लिहून ठेवा, क्लिप सेव्ह करा, कारण नंतर बऱ्याचदा क्लिपच काढून टाकतात. एकट्याने करू नका, मोहल्ल्यातल्या चार शिकलेल्या पोरांना बरोबर घ्या. मसुदा इथे पाठवला तर मी वाचून दुरुस्त करून देईन.