डासांची ‘लोकसंख्या’ आणि डासांची ‘क्षमता’

एका भाषांतरकाराने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: डासांवरच्या एका लेखाचं मराठी करताना ‘व्हेक्टर कॉम्पिटन्स’ आणि ‘व्हेक्टोरियल कपॅसिटी’ हे दोन शब्द एकाच परिच्छेदात आले (व्हेक्टर म्हणजे रोगजंतू वाहून नेणारा कीटक). दोन्हींना ‘वाहकक्षमता’ लिहिलं की वाक्याला अर्थच उरत नाही. मग काय करावं? आणि ‘मॉस्किटो पॉप्युलेशन्स’ला ‘डासांच्या लोकसंख्या’ म्हणता येईल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: म्हणू नये. लोकसंख्या म्हणजे लोकांची संख्या. बातम्यांत वाघांची आणि कावळ्यांचीही लोकसंख्या वाढते, पण बोलताना कुणी तसं म्हणत नाही. ‘डास फार झालेत’ म्हणतात, आणि तेवढं पुरतं. शिवाय इथे संख्येचा विषयच नाही. एका ठिकाणी राहणारे, आपसांत वीण होणारे, पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच झालेले डास, असा तो अर्थ आहे. शास्त्रीय लेखनात त्यासाठी ‘समष्टी’ हा शब्द आहे आणि तिथे तोच वापरावा. सर्वसाधारण वाचकासाठी लिहिताना मात्र मला ‘ठिकठिकाणचे डास’ हे सर्वांत नेमकं वाटतं. शब्द दुहेरी झाला की ‘प्रत्येक वेगळा’ हा भाव मराठीत आपोआप येतो. ‘गावोगावचं पाणी’ म्हटलं की प्रत्येक गावाचं पाणी निराळं, हे वेगळं सांगावं लागत नाही.

‘डासांच्या वेगवेगळ्या प्रजाती’ हा पर्यायही टाळा. मराठी विश्वकोशात आणि शालेय पुस्तकांत ‘प्रजाती’ हा मोठा गट आणि ‘जाती’ हा त्यातला लहान गट. म्हणजे एडिस ही प्रजाती आणि एडिस इजिप्ती ही जाती. वृत्तपत्रांत हिंदीच्या वळणाने जातीलाच प्रजाती म्हणायची सवय पडली आहे. तो घोळ बाजूला ठेवला, तरी या लेखाचा मुद्दा एकाच जातीच्या आतला आहे. नाव तेच, पायांवरचे पांढरे पट्टे तेच, तरीही एका ठिकाणचा डास विषाणू सहज पुढे देतो आणि दुसऱ्या ठिकाणच्या डासात तो अडकून राहतो. झिकाचंच पाहा. हा विषाणू १९४७ साली युगांडातल्या झिका जंगलात एका माकडाच्या रक्तात सापडला. त्याच्या मोठ्या साथी मात्र कितीतरी वर्षांनी पॅसिफिकमधल्या बेटांवर आणि मग २०१५-१६ मध्ये अमेरिका खंडात आल्या. २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ठिकठिकाणच्या एडिस इजिप्ती डासांना झिकाचा विषाणू असलेलं रक्त पाजून पाहिलं होतं. आफ्रिकेतल्या डासांना आफ्रिकेबाहेरच्या डासांपेक्षा लागण कमी झाली. म्हणजे विषाणूच्या माहेरचे डासच त्याला कमी थारा देणारे निघाले.

आता ‘वाहक’. या शब्दाबद्दल शंका नको. ‘व्हेक्टर’ हा लॅटिन ‘वेहेरे’ म्हणजे वाहून नेणे या धातूवरून आला आणि तो धातू संस्कृत ‘वह्’चा सख्खा भाऊ आहे. एवढी जवळची जोडी पारिभाषिक शब्दांत क्वचितच मिळते. अडचण एकच. वाहक म्हटलं की एखाद्या हमालाचं चित्र डोळ्यांपुढे येतं, ओझं इकडून उचललं आणि तिकडे टाकलं. माशी पायांना चिकटलेले जंतू अन्नावर आणून ठेवते, तिच्या बाबतीत हे चित्र खरं आहे. डासाच्या बाबतीत नाही, आणि ‘क्षमता’ हा शब्द लागतो तो इथेच.

डासाची मादी रक्त पिते तेव्हा विषाणू तिच्या आतड्यात पोचतो. तिथल्या पेशींत शिरून वाढता आलं तर ठीक, नाही तर रक्ताबरोबर तोही पचून जातो. वाढला तरी आतड्याच्या भिंतीतून बाहेर पडायला हवं, मग अंगभर पसरायला हवं, मग लाळग्रंथींत शिरून लाळेत यायला हवं. यातल्या कोणत्याही टप्प्यावर वाट अडू शकते. डेंगीच्या विषाणूला या प्रवासाला साधारण ८ ते १२ दिवस लागतात. हवा उबदार असली तर कमी, गार असली तर जास्त.

प्रयोगशाळेत हा प्रवास कसा मोजतात ते पाहण्यासारखं आहे, कारण आपले शब्द तिथेच सापडतात. विषाणू मिसळलेलं कोमट रक्त पातळ पडद्याआडून डासांना पाजतात आणि मग त्यांना काही दिवस ठेवून देतात. पुढे एकेका डासाला गारठवून निश्चल करतात, त्याचे पाय आणि पंख काढतात आणि सोंड बारीक काचनळीत सरकवतात. नळीतल्या द्रवात डास लाळ सोडतो. मग धड, पाय आणि लाळ वेगवेगळी तपासतात. धडात विषाणू सापडला, म्हणजे तो आतड्यात रुजला. पायांतही सापडला, म्हणजे आतडं ओलांडून अंगात पसरला, कारण पायात आतडं नसतं. आणि लाळेत सापडला, म्हणजे हा डास आता चावला तर विषाणू पुढे देऊ शकतो.

या तीन मोजमापांना ‘संसर्ग दर’, ‘प्रसरण दर’ आणि ‘संक्रमण दर’ अशी नावं दिली, तर तिन्ही ऐकायला सारखी लागतात आणि वाचक गोंधळतो. मी ‘रुजण्याचं प्रमाण’, ‘पसरण्याचं प्रमाण’ आणि ‘लाळेत उतरण्याचं प्रमाण’ असं लिहीन. रुजणं, पसरणं आणि उतरणं ही तीन क्रियापदं त्याच क्रमाने सगळा प्रवास सांगतात. ‘आईने खाल्लेलं दुधात उतरतं’ असं आपण म्हणतोच. विषाणू लाळेत उतरतो, ही तीच रचना.

इथे ‘पैकी’ या शब्दाची आठवण ठेवा, तो फार मोलाचा आहे. समजा १०० डासांनी रक्त प्यायलं, ६० डासांत विषाणू रुजला, ३० डासांत पसरला आणि १५ डासांच्या लाळेत उतरला. आता लाळेत उतरण्याचं प्रमाण किती? १०० पैकी १५ की ३० पैकी १५? एक हिशोब १५ टक्के सांगतो, दुसरा ५० टक्के. संशोधनात दोन्ही रीती चालतात आणि भाषांतरात नेमका ‘कशापैकी’ हाच तपशील गळतो. तो गळला, तर दोन ठिकाणच्या डासांची तुलना सपशेल चुकीची होते.

आता मुख्य शब्द. आतड्यापासून लाळेपर्यंतचा प्रवास डासाच्या शरीरात होऊ शकतो का आणि कितपत, याला ‘व्हेक्टर कॉम्पिटन्स’ म्हणतात. त्यासाठी मी ‘वहनक्षमता’ सुचवतो. ‘वाहकक्षमता’ चुकीचा नाही, पण दोन क एकमेकांना भिडल्याने जीभ अडखळते, आणि मोजलं जातं ते वहन, म्हणजे क्रिया. ‘पात्रता’चा मोह मलाही झाला होता. पात्र म्हणजे भांडंही आणि योग्य व्यक्तीही, त्यामुळे अर्थ छान जुळत होता. पण आज पात्रता म्हटलं की परीक्षा, अटी आणि अर्ज आठवतात. ‘क्षमता’ मुळातूनच बसतो. संस्कृत ‘क्षम्’ म्हणजे सोसणं, सहन करणं; ‘क्षमा’ही त्यातलीच. लागण झालेला डास सहसा विषाणू सोसतो, जन्मभर अंगात बाळगतो आणि चावत राहतो. सोसणं आणि करू शकणं, हे दोन्ही अर्थ या एका शब्दात आहेत.

मात्र ही क्षमता एकटी उभी राहत नाही. ‘या डासांची वहनक्षमता जास्त आहे’ हे वाक्य अपुरं आहे. कोणत्या विषाणूसाठी, हे आलंच पाहिजे. डेंगीला थारा देणारा डास झिकालाही तितकाच देईल असं नाही, आणि एकाच विषाणूच्या दोन वाणांतही फरक पडतो. विषाणू बदलला तरी गणित बदलतं. २००५-०६ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर चिकनगुनियाची साथ आली, तेव्हा विषाणूच्या आवरणातल्या एका प्रथिनात २२६व्या जागी ॲलॅनिन या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरं अमिनो आम्ल आलं होतं. एवढ्या एका बदलाने तो एडिस अल्बोपिक्टस डासात पूर्वीपेक्षा कितीतरी सहज रुजू लागला. डास तेच होते. म्हणून ‘झिकासाठीची वहनक्षमता’, ‘चिकनगुनियासाठीची वहनक्षमता’ असंच लिहावं.

‘व्हेक्टोरियल कपॅसिटी’ ही निराळी गोष्ट आहे. १९६४ मध्ये गॅरेट-जोन्स या संशोधकांनी हिवतापाच्या संदर्भात ती मांडली. माणसामागे डास किती, ते माणसाला किती वेळा चावतात, रोज किती टक्के डास जगतात आणि रोगजंतू त्यांच्यात तयार व्हायला किती दिवस लागतात, हे सगळं त्यात येतं. चावण्याचा आकडा तिथे दोनदा गुणला जातो, कारण रोग घ्यायला एकदा चावावं लागतं आणि द्यायला पुन्हा एकदा. वहनक्षमता हा या हिशोबातला फक्त एक घटक. यासाठी मी ‘प्रसारशक्ती’ घेईन.

हा फरक कोशातल्या काटेकोरपणापुरता नाही. १९८७ साली नायजेरियात पीतज्वराची (यलो फीव्हरची) साथ आली. तिथले एडिस इजिप्ती डास तपासले, तर पीतज्वराच्या विषाणूसाठी त्यांची वहनक्षमता कमी निघाली. तरी साथ पसरली, कारण डास अमाप होते. दोन्ही कल्पनांना एकच ‘क्षमता’ लावली तर हे वाक्य ‘क्षमता कमी होती, पण क्षमता जास्त होती’ असं होईल. तुमच्या परिच्छेदाचं नेमकं हेच झालं असणार.

‘संक्रमणक्षमता’ही काही जण लिहितात. मराठीत संक्रमण म्हणजे एका स्थितीतून दुसरीत जाणं. रोगासाठी आपल्याकडे लागण आणि संसर्ग आहेत. त्यातून या शब्दात डास विषाणू घेतो आहे की देतो आहे, ते कळत नाही.

तुमच्या परिच्छेदातला मुद्दा मी असा मांडीन: ‘ठिकठिकाणच्या एडिस इजिप्ती डासांची झिकासाठीची वहनक्षमता सारखी नसते. पण ती कमी आहे म्हणून तिथे साथ येणार नाही असं म्हणता येत नाही, कारण डास पुष्कळ असले आणि माणसांनाच चावत असले, तर त्यांची प्रसारशक्ती मोठी असू शकते.’