सोलो संपल्यावर

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, सोबतचं तुझ्या व्हायोलिनचं रेकॉर्डिंगही. पत्र एकदा वाचलं, रेकॉर्डिंग पाच वेळा ऐकलं. ऑर्केस्ट्रातली नोकरी सोडून जॅझमध्ये उतरू का, असं तू विचारलंयस. त्याचं उत्तर मी देणार नाही. ज्यांना उतरायचं असतं ते विचारत बसत नाहीत, आणि नको म्हटल्याने थांबतही नाहीत. रेकॉर्डिंगबद्दल मात्र बरंच बोलायचं आहे.

तुझा सोलो ३२ बारांचा (बार म्हणजे मात्रांचा एक गट), म्हणजे धुनेचं पुरतं एक आवर्तन. हात तयार आहे, सूर पक्का आहे. मला खटकलं ते त्याच्या पुढचं. पियानोवाल्याने त्याचं आवर्तन सुरू केलं आणि लगेच एक बारीकशी ‘टक्’ ऐकू येते. तू बो, म्हणजे व्हायोलिनचा गज, स्टँडवर ठेवलास. पहिल्यांदा वाटलं, माइकला काही लागलं असेल. तिसऱ्यांदा ऐकताना उलगडा झाला. सहा मिनिटांच्या त्या तुकड्यात सुरुवातीची आणि शेवटची धून सोडली, तर तू मिनिटभर वाजवलंस आणि उरलेला वेळ पाहुण्यासारखी उभी राहिलीस.

जॅझच्या बँडमध्ये व्हायोलिनसाठी कुणी खुर्ची राखून ठेवलेली नसते, हे तुला कळलं असेलच. ट्रंपेट, सॅक्स आणि ड्रमच्या शेजारी आपला आवाज चिमुकला. त्यातून ट्रंपेट-सॅक्सवाल्यांच्या आवडीच्या पट्ट्या बी फ्लॅट, ई फ्लॅट, ए फ्लॅट. ए फ्लॅटमध्ये शिरलीस की आपल्या चार मोकळ्या तारांपैकी एकटी ‘जी’ सुराची तार कामाची उरते, आणि वाद्याचा घुमारा कमी होतो. म्हणून या वाद्यावर ज्यांनी नाव काढलं, त्यांनी आधी आपली जागा स्वतः तयार केली.

१९३४ साली पॅरिसमध्ये जमलेला तो पंचक बघ: स्टेफान ग्रापेलीचं व्हायोलिन, जँगो राइनहार्टची गिटार, ठेका धरायला आणखी दोन गिटारी आणि एक डबल बेस. ड्रम नाही, पितळी वाद्यं नाहीत. लोक त्याला गंमत म्हणून सांगतात. मला तो शहाणपणाचा बंदोबस्त वाटतो, कारण त्या मांडणीत व्हायोलिनला ओरडावं लागत नाही. न्यू यॉर्कच्या ५२व्या रस्त्यावर, जॅझ क्लबांच्या गर्दीत, व्हायोलिनवाल्या स्टफ स्मिथने नेमकं उलटं केलं. त्याने १९३०च्या दशकातच व्हायोलिनला विजेचा आवाज दिला आणि ड्रमच्या शेजारी खुशाल उभा राहिला. दोन्ही वाटा खऱ्या आहेत. तिसरी वाट मी पकडली होती आणि ती चुकीची होती. दणदणीत ड्रमरशेजारी ऐकू यावं म्हणून मी बो दाबून वाजवायला लागलो. जास्त दाबलं की तार गुदमरते आणि सूर उतरतो. वर्षभरात माझा उजवा खांदा धरला, आणि बँडमधला बेसवाला एकदा हळूच म्हणाला, “तू ड्रमशी भांडतोस, त्याचं ऐकत नाहीस.” फार राग आला होता मला. आता त्याला फोन करून सांगावंसं वाटतं.

तर मुद्दा साथीचा. दुसरा वाजवत असताना व्हायोलिनवाल्याने काय करायचं, हे कुणी शिकवत नाही. तुझ्याकडे एक सोय आहे: आपण सूर हवा तितका लांबवू शकतो, पियानो लांबवू शकत नाही. प्रत्येक कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटाचा, तिसरा आणि सातवा सूर शोध. तेवढे दोनच, मधल्या सप्तकात, बो अगदी हलका. कॉर्ड बदलली की दोघांपैकी एखादा अर्ध्या पायरीने सरकतो, कधी जागचा हलतही नाही. ते सरकणं नीट ऐकू आलं, की पियानोवाल्याला मागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं. ग्रापेलीने तरुणपणी मूकपटांना पियानोची साथ केली होती. त्याला धुनेखालची कॉर्डची इमारत दिसत होती. म्हणून पियानो शीक. चांगला वाजवायची गरज नाही, कॉर्ड दिसल्या म्हणजे झालं.

‘चॉप’ही शीक. बो मुठीजवळून तारांवर आपटून ‘खट्’ असा कोरडा आवाज काढायचा. व्हायोलिनवाल्या रिचर्ड ग्रीनने १९६०च्या दशकात ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीतात ही युक्ती रुजवली, आता जॅझवालेही वापरतात. ड्रमर नसेल तेव्हा ती सोन्यासारखी. ड्रमर हाय-हॅटवर, म्हणजे पायाने वाजणाऱ्या झांजांवर, दुसरी आणि चौथी मात्रा धरून बसला असेल तर मात्र गप्प राहा.

सोलोबद्दल एकच सांगतो. तू प्रत्येक मात्रेवर बो बदलतेस, म्हणून चाल कवायतीसारखी येते. मात्रांच्या मधल्या सुरावर बो बदल आणि त्याच ओढीत पुढच्या मात्रेवर सरक. थोडा बो, मधल्या भागात. बोटाने द्यायचं कंपन राखून ठेव, सूर संपता संपता दे.

आता माणसांचं. जॅझ व्हायोलिनवाला ‘जो व्हेनुटी’ घे. त्याचा गिटारवाला एडी लँग त्याचा लहानपणापासूनचा मित्र. १९३३ मध्ये टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर लँग गेला. व्हेनुटी पुढे अनेक वर्षं वाजवत राहिला, पण मी त्या दोघांच्या जुन्या रेकॉर्डकडेच परत परत जातो. १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा ग्रापेली लंडनमध्ये राहिला आणि जँगो पॅरिसला परतला. ग्रापेलीने लंडनमध्ये जॉर्ज शीअरिंग हा तरुण पियानोवाला जोडीला घेतला. १९७३ मध्ये, पासष्टाव्या वर्षी, केंब्रिजच्या फोक फेस्टिव्हलमध्ये पोरासोरांसमोर ग्रापेली पुन्हा गिटारींच्या संगतीत उभा राहिला आणि त्याची नवी खेळी सुरू झाली. तुलाही एक माणूस लागेल. मोठा वादक नसला तरी चालेल, मंगळवारी सकाळी सरावाला येणारा हवा.

पैशांचं थोडक्यात: नुसत्या क्लबांवर घर चालत नाही. शिकवण्या, स्टुडिओतली कामं, लोकांचे समारंभ, सगळं करावं लागतं आणि त्यात कमीपणा नाही. व्हायोलिनवाला जाँ-लुक पाँती पॅरिसच्या कॉन्झर्वेटॉयर या संगीतशाळेतून पहिलं पारितोषिक घेऊन निघाला, तरी तीन वर्षं लामुरो ऑर्केस्ट्रात वाजवत होता आणि रात्री जॅझ क्लबात जात होता. कधी कधी मैफलीचा कोट न बदलताच गेला असेल, असं माझं मन म्हणतं. बघ, उत्तर देणार नाही म्हणता म्हणता दिलंच की.

महिन्याभराने दुसरं रेकॉर्डिंग पाठव. तीच धून, तीच माणसं, पण तुझा सोलो नको. पियानोवाल्याला तीन आवर्तनं दे आणि तू मागे राहा. बो स्टँडवर ठेवलास तर मला ऐकू येईल.