विहिरीवरच्या मोटरचा जोड टेप गुंडाळूनही दर पावसाळ्यात जळतो. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की खांबावरून आलेली अॅल्युमिनियमची वायर आणि मोटरची तांब्याची केबल एकमेकींना पीळ देऊन जोडली आहे. दुखणं तिथंच आहे. माझं वावर वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात आहे, आणि माझ्याकडेही सलग तीन पावसाळे हेच झालं. तिसऱ्या वेळी जळका जोड उकलून पाहिला. वरून टेप शाबूत. आत डिंक पातळ होऊन चिकचिक, तांब्यावर हिरवा थर, आणि अॅल्युमिनियमच्या तारा बोटांत धरताच पांढरी भुकटी झाल्या.

हे दोन धातू भिडले आणि मध्ये ओल आली की अॅल्युमिनियम खाल्लं जातं. त्या भुकटीतून करंट जात नाही, जोड तापतो, एक फेज तुटते आणि मोटर दोन फेजवर घुमत जळते. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, टेपचा डिंक तेव्हाच सुटतो. वरून पन्नी बांधू नका, आतली वाफ आतच कोंडते.

पीळ काढून टाका आणि दोन धातूंच्या जोडासाठी मिळणारा बायमेटल लग, म्हणजे एका बाजूला अॅल्युमिनियम आणि दुसऱ्या बाजूला तांबं असलेला वायरीच्या टोकाचा तुकडा, दाबून बसवा. त्याआधी अॅल्युमिनियम ब्रशनं घासून लगेच जॉइंट ग्रीस लावा, कारण हवेत उघडं राहिलं की त्यावर पुन्हा थर चढतो. मग रबराचा सेल्फ फ्युजिंग टेप चांगला ताणून गुंडाळा. त्याला डिंक नसतो, तो स्वतःलाच चिकटतो. उभ्या वायरवर शेवटचा थर खालून वर न्या, म्हणजे कौलांसारखे पदर पडून पाणी निथळतं.

स्टार्टरच्या पेटीत पाणी बहुतेक वेळा वायरीच्या अंगानं उतरतं. म्हणून वायर खालूनच आत घ्या आणि पेटीआधी तिला लोंबता वळसा द्या, थेंब तिथंच गळतो. भोकाला केबल ग्लँड, म्हणजे वायरीभोवती आवळली जाणारी बुशी, बसवा. पत्र्याच्या पेटीला रात्री आतून घाम सुटतो, तो निघायला तळाशी ५ मिलिमीटरचं छिद्र ठेवा आणि मुंग्यांसाठी त्यावर बारीक जाळी लावा. सिलिकॉन भरणार असाल तर सिरक्यासारख्या आंबूस वासाचं घेऊ नका, त्यातलं आम्ल तांबं खातं. न्यूट्रल सिलिकॉन मागा. रोहिणी नक्षत्रात, पावसाआधी, एकदा सगळे स्क्रू आवळा, अॅल्युमिनियम तापून-निवून ढिलं पडतं.

आणि दादा, एक गोष्ट कळकळीनं सांगतो. आपल्याकडे थ्री फेज लाईन कधी रात्री येते, आणि स्टार्टरला ऑटो स्विच असेल तर मोटर आपोआप सुरू होते. जोडाला हात लावण्याआधी मेन स्विच पाडा, तिन्ही किटकॅट (फ्यूज) काढून स्वतःच्या खिशात ठेवा आणि तिन्ही तारांना टेस्टर लावून पाहा. मेन स्विचच्या आधीचा जोड असेल तर तो लाइनमनकडूनच करून घ्या. ओल्या वावरात अनवाणी पेटी उघडू नका. अर्थिंगची तारही तपासा, माझी जमिनीलगत गंजून तुटली होती आणि ते वर्षभर कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.