‘आठव्या महिन्याचं बाळ जगत नाही म्हणतात, खरं का ताई?’

नवजात शिशू कक्षाबाहेरच्या बाकावर हा प्रश्न हमखास येतो. डॉक्टर राउंडला आले की सगळे गप्प, ते गेले की कुणीतरी माझ्याजवळ सरकतं. सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही, असं घरातल्या जाणत्यांनी सांगितलेलं असतं.

हे खरं नाही. बाळ पोटात जितकं जास्त राहील तितकी त्याची फुप्फुसं पक्की होतात. त्यामुळे ३२ आठवड्यांच्या बाळाची उमेद २८ आठवड्यांच्या बाळापेक्षा सहसा जास्तच असते. ही समजूत प्राचीन ग्रीक वैद्यांच्या ग्रंथांतही सापडते, पण बाकावरच्या सासूबाईंना ग्रीक वैद्यांचं काय!

एका घराची गोष्ट सांगते, ओळख पटेल असे तपशील बदलून. पहिलटकरीण. आठवा महिना लागला आणि पाय सुजले, डोकं ठणकायला लागलं. रक्तदाब १७०/११०, लघवीतून प्रथिनं जात होती. बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून तिला स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली आणि सिझर केलं. मुलगी, १३५० ग्रॅम.

आई वरच्या मजल्यावर, बाळ खालच्या. मी भेटले तेव्हा ती एकच धरून बसली होती, ‘मी हंडा उचलला म्हणून झालं.’ सासूबाईंचं वेगळंच, हिने ग्रहणात भाजी चिरली. ‘तुझी काही चूक नाही गं’ हे तिला सगळ्यांनी सांगून झालं होतं. नुसत्या या वाक्याने काही होत नाही, असं माझं मत आहे. तिला कारण हवं असतं, आणि ते मिळालं नाही की ती स्वतःला कारण करून टाकते. मग डॉक्टरांना विनंती केली. त्यांनी केसपेपर उघडून दोघींना रक्तदाबाचे आकडे बोटाने दाखवले. बाळ आपणहून लवकर आलेलं नाही, आम्ही काढलं. थांबलो असतो तर आईला झटके आले असते, आई आणि बाळ दोघींच्याही जिवावर बेतलं असतं. सासूबाई बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या. हंड्याचा विषय त्यानंतर निघाला नाही.

मग दूध. सिस्टरने स्टीलच्या वाटीत पिळायला शिकवलं. वाटीचा तळही झाकला नाही, तशी ती रडायला लागली. सिस्टरने तो चीक सिरिंजमध्ये ओढून घेतला, दीड मिली भरला. बाळाचं एका वेळचं दूध तेव्हा होतं दोन मिली! चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांच्या सुमाराला बसतो, तोवर दूध नळीने. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा पिळत राहिलं की दूध वाढतं. तरी कमी पडलं तर काही रुग्णालयांत दुग्धपेढी असते; मुंबईत शीवच्या रुग्णालयात ती १९८९ पासून आहे, आशियातली पहिली.

खरी अडचण आली ती कांगारू केअरला. बाळ आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून ठेवायचं. बाळाची प्रकृती स्थिर होण्याची वाट न बघता जन्मल्याबरोबर हे सुरू करावं, असं जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून सांगते. फक्त स्वतःहून श्वास घेता न येणारी, अत्यवस्थ बाळं वगळून. सासूबाईंचं म्हणणं, ‘ओली बाळंतीण, वारं लागेल. पोर पेटीतच बरी.’ त्यात कोपरापर्यंत हात धुण्यासाठी बांगड्या काढायच्या होत्या. सवाष्णीने हात मोकळे करायचे? तिथे गाडं अडलं. शेवटी त्यांनीच तोड काढली: दंडाला हळदीचा दोरा बांधला आणि बांगड्या स्वतःच्या पिशवीत ठेवल्या. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा थांबावं.

बाळ छातीवर ठेवलं तेव्हा मॉनिटरवर ऑक्सिजन ९१ होता. थोड्या वेळाने ९५. सासूबाईंना इंग्रजी आकडे वाचता येत होते. पुढे सून जेवायला गेली की त्या स्वतः गाऊन चढवून बाळ छातीशी घेऊ लागल्या. बापालाही घेता येतं, पण आमचे बाप लाजतात. हा मात्र आईच्या दटावणीने बसला.

पहिल्या आठवड्यात वजन १२३० वर आलं आणि पुन्हा घाबरगुंडी उडाली. सुरुवातीला वजन उतरतंच. साधारण दोन आठवड्यांत जन्मवेळचं भरून येतं.

घरी सोडताना दोन गोष्टी मी लिहूनच देते. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत, बाळ कितीही छान दिसत असलं तरी. उशीर झाला तर नजर जाऊ शकते. आणि वय मोजताना लवकरचे आठवडे वजा करायचे. ही मुलगी दोन महिने आधी आली, म्हणजे सहाव्या महिन्यात तिच्याकडून चार महिन्यांच्या बाळाइतकीच अपेक्षा. शेजारची पोर पालथी पडते, आपली नाही, म्हणून झुरायचं नाही.

सासूबाईंनी निघताना विचारलं, ‘धुरी द्यायची ना?’ नाही. ‘मग बारसं?’ करा की, पण घरच्यांतच. आणि बाळ या हातातून त्या हातात फिरवायचं नाही.